पाणी प्या म्हणणाऱ्यांनो, आधी पाणी द्या



उन्हाळा आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास चढतात. एक पारा आणि दुसरा उपदेश. पारा मे महिन्यात पंचेचाळीसला टेकतो आणि नवतपा संपला की खाली तरी येतो. उपदेश काही खाली येत नाही. "पाणी प्या, भरपूर प्या, मुतखडा होणार नाही, किडन्या शाबूत राहतील, म्हातारपण सुखात जाईल." ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत हेच, पेपरच्या पुरवणीत हेच, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर सकाळ-संध्याकाळ हेच. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या मागून हमखास येणाऱ्या वाक्याची : "आपल्या खेड्यातल्या लोकांना पाणी प्यायची सवयच नाही हो!"

हे वाक्य मला सहन होत नाही. आजचा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. भाषा थोडी तिखट होईल. पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या भाचरांनी सांभाळून घ्यावं.

आधी एक स्पष्ट करते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली शाळामास्तरीण. मी डॉक्टर नाही. पण वाचता येतं, आणि निवृत्तीनंतर वेळही भरपूर आहे. त्यामुळे जे सांगतेय ते वाचून, पडताळून सांगतेय.

पाणी पिण्याचा सल्ला शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. इटलीतल्या बोर्घी नावाच्या डॉक्टरांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांना त्यांनी पाच वर्षं पाहिलं. अर्ध्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं, अर्ध्यांना काहीच सांगितलं नाही. भरपूर पाणी पिणाऱ्यांत पुन्हा खडा झाला तो शंभरात बारा जणांना, आणि दुसऱ्या गटात शंभरात सत्तावीस जणांना. गोळी नाही, ऑपरेशन नाही, नुसतं पाणी! कारणही सोपं आहे. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक अॅसिड असे क्षार विरघळलेले असतात. पाणी कमी पडलं की ते विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे कण बनतात, कणावर कण बसतो आणि खडा होतो. साखरेचा पाक आटवला की खडीसाखर होते, तसंच काहीसं. म्हणून डॉक्टर सांगतात की दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. लक्षात घ्या, अडीच लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे असं ते म्हणत नाहीत. अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. घाम गेला तो वेगळा.

आता हा हिशेब घेऊन माझ्याबरोबर वावरात चला.

कापूस वेचणारी किंवा निंदायला जाणारी बाई. सकाळी घरचं उरकून निघते, सात तास उन्हात. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याला तासाला अर्धा लिटर घाम सहज जातो, जास्तही जातो. अर्धाच धरू. सात तासांचे झाले साडेतीन लिटर. त्यात ते अडीच लिटर मिळवा. सहा लिटर. थोडंफार जेवणातून येतं ते वजा करा, तरी पाच लिटरच्या खाली येत नाही. हे पाच लिटर कोणी न्यायचं? डोक्यावर डब्याचं गाठोडं, हातात विळा आणि दोन कोसावरचं वावर. बहुतेक बायकांजवळ कोल्ड्रिंकची जुनी प्लास्टिकची बाटली असते, एक किंवा दोन लिटरची. दुपारपर्यंत ते पाणी चहासारखं तापतं. वावरात विहीर असली आणि मालकाने हरकत घेतली नाही तर ठीक. नाही तर तीच बाटली संध्याकाळपर्यंत.

बरं, समजा पाणी मिळालं. मी एकदा आमच्याकडच्या एका मजूर बाईला विचारलं होतं, तू पाणी का नाही पीत गं जास्त? तिने मलाच विचारलं, "बाई, पानी पेलं की उठा लागते. अन् उठून जावाचं कुठं? एवढ्या वावरात आडोसा नाई." यावर त्या उपदेशकांनी काय उत्तर दिलं असतं ते मला ऐकायचंय. ही बाई अडाणी नाही. तिने आपला हिशेब केलाय. तहान सहन होते, लाज सहन होत नाही, असा तो हिशेब आहे. तिला "सवय नाही" म्हणणं म्हणजे पाय बांधून ठेवायचे आणि वर म्हणायचं की हिला चालायची आवड नाही!

आणि ही सवय लागते कुठे? तेही सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शाळेत लागते.

मी एकतीस वर्षं शिकवलं. मुली सकाळी दहाला यायच्या, संध्याकाळी पाचला जायच्या, आणि मधल्या सात तासांत कित्येकींच्या पोटात पाण्याचा थेंब जात नसे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण ती एकच शाळा नव्हती. एका ठिकाणी मुलींचं स्वच्छतागृह बांधलेलं होतं, रंगवलेलंही होतं, आणि त्याला कुलूप होतं. किल्ली ऑफिसात. साहेब लोक तपासणीला आले की कुलूप निघायचं. मी त्या किल्लीसाठी भांडले, पुष्कळ भांडले. "बाई, उघडं ठेवलं तर घाण होते," हे उत्तर मिळायचं. घाण होते, कारण पाणी नाही. पाणी नाही, कारण टाकी भरायला माणूस नाही. माणूस नाही, कारण मंजुरी नाही. आणि या सगळ्याची किंमत कोण देतं? बारा वर्षांची पोर, आपल्या मूत्रपिंडांनी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी हे प्रत्येक शाळेत असलंच पाहिजे असं लिहिलंय. कायद्यात कुलपाचा उल्लेख नाही.

त्या मुली आता चाळिशी-पन्नाशीच्या आहेत. पाणी न पिण्याचं शिक्षण त्यांना आम्हीच दिलं, आम्ही म्हणजे शाळांनी. व्याकरण विसरल्या असतील, हे विसरल्या नाहीत.

आता थोडं म्हातारपणाकडे येऊ. तो माझा स्वतःचा विषय आहे. :)

हल्ली "निरोगी वार्धक्य" यावर जगात मोठं संशोधन चाललंय. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बक इन्स्टिट्यूट नावाची संस्था केवळ म्हातारपणाचा अभ्यास करते. तिथे पंकज कपाही नावाचे शास्त्रज्ञ आहेत. ते केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांसारख्या फळमाश्यांवर प्रयोग करतात. हसू नका! फळमाशीला मूत्रपिंडाच्या जागी बारीक नळ्या असतात, आणि त्या नळ्यांत माणसासारखेच खडे होऊ शकतात. माणूस हा युरिक अॅसिडचं विघटन करणारं एक जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावून बसला. या लोकांनी माशीतलं तेच जनुक मंद केलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भरपेट, समृद्ध खाणं मिळालेल्या अशा माशांच्या नळ्यांत खडे साचले आणि त्यांचं आयुष्यही घटलं. खाण्याच्या समृद्धीची खबर शरीराला देणारी जी इन्सुलिनची साखळी असते, तिचा जोर कमी केल्यावर खडे कमी झाले. म्हणजे खडा होणं आणि लवकर म्हातारं होणं या दोन गोष्टींची मुळं कुठेतरी एकमेकांत गुंतलेली आहेत.

मला हे वाचून फार आनंद झाला. माशीच्या नळीत डोकावून माणसाच्या आयुष्याचा विचार करणारी माणसं मला आवडतात. "माशांवर पैसे कशाला घालवता" म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उद्या त्यातून औषध निघेल, निघो. पण आमच्या इथले व्याख्याते या संशोधनाची स्लाईड दाखवतात आणि थेट उपदेशावर उडी मारतात, कमी खा, उपास करा, पाणी प्या, शंभर वर्षं जगा. अहो, ती माशी भरपेट खाऊन आजारी पडली होती! झरी-जामणीच्या कोलामाच्या पोडावर भरपेट खाण्याचा रोग कुणाला झालाय? संशोधन सगळ्या मानवजातीचं असतं, पण उपदेश कोणत्या घरात करतोय हे बघूनच करायचा असतो.

म्हातारपणी तहानही मंदावते. १९८४ साली काही तरुण आणि काही सत्तरीच्या आसपासच्या निरोगी पुरुषांना चोवीस तास पाण्याशिवाय ठेवून पाहिलं होतं. म्हाताऱ्यांच्या शरीराला पाण्याची गरज होती, पण त्यांना तहान तरुणांपेक्षा कमी लागली. म्हणजे आमच्या वयात "तहान लागली की पिईन" हा नियम चालत नाही. त्यात खेड्यातल्या घरात संडास अंगणाच्या पलीकडे, रात्री वीज जाते, पाय घसरायची भीती, सुनेला उठवायचा संकोच. म्हणून कित्येक म्हातारी माणसं दिवे लागणीनंतर पाण्याला शिवत नाहीत. त्यांना अँटिएजिंगच्या गोळ्यांपेक्षा संडासापर्यंत एक दिवा आणि भिंतीला धरायला एक दांडी जास्त उपयोगी पडेल. परदेशातून गोळ्यांच्या बाटल्या पाठवणाऱ्या मुलांनो, ऐकताय ना? आणि त्या बाटल्यांतली क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा जरा जपून. स्वीडनमधल्या पुरुषांवरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसलं होतं.

आता सगळ्यात कळीचा मुद्दा. कोणतं पाणी प्यायचं?

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व भागात, पांढरकवडा, झरी-जामणी या बाजूला, जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराईड आहे. ही ऐकीव गोष्ट नाही. पांढरकवडा भागातल्या भूजलातल्या फ्लोराईडवर २००७ मध्ये "करंट सायन्स" या नियतकालिकात शोधनिबंध आला होता. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्यापेक्षा जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. पुढे सांधे धरतात, पाठ वाकते, माणूस पन्नाशीत सत्तरीचा दिसायला लागतो. उकळून हे जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. शिवाय फ्लोराईड शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचंच. ती अधू झाली की ते शरीरात आणखी साचतं. राजस्थानातल्या आदिवासी भागातल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर फ्लोराईडच्या पट्ट्यात मुतखड्याचं प्रमाणही शेजारच्या भागापेक्षा बरंच जास्त आढळलं होतं.

आता ती वावरातली बाई पुन्हा आठवा. लिटरला दीड मिलिग्रॅम फ्लोराईडचं, म्हणजे कागदावर कसंबसं पास झालेलं पाणी. शहरातला माणूस दिवसाला दोन लिटर पितो, त्याच्या पोटात तीन मिलिग्रॅम जातं. ही बाई तुमचा उपदेश ऐकून सहा लिटर प्यायली, तर तिच्या पोटात नऊ मिलिग्रॅम. उपदेश तोच, हिशेब तिप्पट! जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की फ्लोराईडची मर्यादा ठरवताना तिथलं हवामान आणि लोक किती पाणी पितात हे पाहा. आमचं हवामान पाहायला कुणाला वेळ आहे? न प्यावं तर खडा, प्यावं तर फ्लोराईड, अशा कात्रीत माणसं सापडलेली असताना त्यांना सवयी शिकवायच्या!

या गोंधळात धंदा मात्र तेजीत असतो. पाणी जड आहे म्हणून खडे होतात, असं सांगून यंत्रं खपवतात. जड पाण्याने खडे होतात हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. फ्लोराईडसाठी यंत्र लागतं ही गोष्ट वेगळी, ती वेगळीच सांगा. दुसरीकडे "खडा कॅल्शियमचा असतो, दूध बंद" असं सांगून म्हाताऱ्या बायकांचं अर्धा कप दूधही तोडतात. त्याच बोर्घींनी २००२ मध्ये दाखवलं की ज्यांना कॅल्शियम तोडायला सांगितलं त्यांच्यात पाच वर्षांत ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. ज्यांना कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी करायला सांगितलं त्यांच्यात ६० पैकी फक्त १२ जणांना. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते लघवीपर्यंत जात नाही. म्हणजे तोडायचंच तर लोणचं-पापडाचं मीठ तोडा. टोमॅटोच्या बियांना तर उगाचच बदनाम केलंय. पालकाच्या मानाने टोमॅटोत ऑक्झलेट अगदी थोडं.

यावर माझा एक भाचा म्हणतो, "मावशी, तू सगळं सरकारवर ढकलतेस. घरात नळ असलेलेही पाणी पीत नाहीत, त्यांचं काय?" बरोबर आहे. ज्याच्या घरात नळ आहे, संडास आहे, सावलीत नोकरी आहे, त्याने पाणी प्यायलं नाही तर तो त्याचा आळस. त्याला उपदेश करा, खुशाल करा. (ज्यांचं हृदय किंवा किडनी आधीच कमजोर आहे त्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच प्यावं, ऐकीव सल्ल्यावर नाही.) माझं भांडण एवढंच आहे की नळवाल्याचा उपदेश हापशीवाल्याच्या माथी मारू नका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि व्यवस्था बदलता येते, याचे दाखले आहेत. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. उन्हातले कष्ट हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. तिथे काही मळ्यांवर पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती हे कामाच्या नियमातच घातलं, आणि मजुरांच्या किडन्यांना होणारी इजा कमी झाली. इकडे आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात किडनीच्या रोगाने गावंच्या गावं पोखरली. तिथे लोकांनी वर्षानुवर्षं ओरड केली, तेव्हा २०२३ मध्ये पलासा इथे किडनी संशोधन केंद्र आणि इस्पितळ झालं, आणि धरणाचं पाणी नळाने आणायची योजनाही सुरू झाली. तिथल्या रोगाचं नेमकं कारण सापडायच्या आधी पाणी आणलं, हे लक्षात घ्या. संशोधन संपेपर्यंत तहानलेल्याने थांबायचं नसतं.

आपल्याकडे जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर. मग २०२५ च्या अर्थसंकल्पात ती मुदत २०२८ पर्यंत वाढवली. सरकारला मुदतवाढ मिळते. मूत्रपिंडाला मिळत नाही.

मग मागायचं काय? माझी यादी छोटी आहे. प्रत्येक बोअरवर आणि हापशीवर तिच्या पाण्यातला फ्लोराईडचा आकडा आणि तपासणीची तारीख रंगवून लिहा, गावाला वाचू द्या. जिथे आकडा जास्त तिथे नदी-धरणाचं पाणी आधी द्या, शहराच्या बागा नंतर. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढा आणि मधल्या सुट्टीआधी पाणी पिण्याची एक घंटा द्या. तिला खर्च शून्य. वावरात मजूर लावणाऱ्याने प्यायला पाण्याची टाकी, सावली आणि चार बांबूंना साडी गुंडाळून का होईना एक आडोसा द्यावा. आणि इस्पितळात काढलेला प्रत्येक खडा कशाचा आहे हे तपासून रुग्णाला साध्या मराठीत लिहून द्या. ऑक्झलेटचा, युरिक अॅसिडचा, की जंतुसंसर्गाचा, त्यावर पुढचं पथ्य ठरतं. आज बहुतेकांना आपला खडा बाटलीत घालून घरी देतात, फळीवर ठेवायला!

सुश्रुताने अश्मरीचे चार प्रकार सांगितले, शस्त्रक्रियाही सांगितली. म्हणजे हा रोग आपल्याला नवा नाही आणि उपायही नवे नाहीत. माशीच्या नळीपर्यंत पोचलेल्या विज्ञानाला मनापासून नमस्कार. पण आमच्या जिल्ह्यातल्या बाईला निरोगी म्हातारपण हवं असेल तर त्याची सुरुवात प्रयोगशाळेत होणार नाही. ती होईल स्वच्छ पाण्याच्या एका टाकीपाशी आणि त्या टाकीजवळच्या एका आडोशापाशी. तोवर निदान एवढं तरी करा, "सवय नाही" हे वाक्य बोलू नका.

असो. लेख लांबला. तुमच्या गावाकडे वावरात पाणी आणि आडोशाची सोय कुणी केली असेल तर कशी केली ते जरूर कळवा. मला आमच्या ग्रामसभेत सांगता येईल. आणि हो, हे वाचून झालं असेल तर उठा आणि एक ग्लास पाणी प्या. तुमच्याकडे नळ आहे.